सुताला संरक्षण, सुईला भुर्दंड

१७ मे २०२५ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. बांगलादेशातून येणारे तयार कपडे यापुढे पेट्रापोलसारख्या जमिनीवरच्या नाक्यांतून येणार नाहीत. आणायचेच असतील तर ते समुद्रमार्गे, न्हावा शेवा किंवा कोलकाता या दोनच बंदरांतून आणावेत, असा तिचा आशय. म्हणजे बंदी नव्हे, वळसा. वर्षाला सुमारे ६०-७० कोटी डॉलरचा हा माल, आणि २०११ पासून त्यातल्या बहुतेक मालाला आयात शुल्क नाही. आपल्याकडच्या शिलाई उद्योगाने निर्णयाचं स्वागत केलं, आणि वर्तमानपत्रांनी शेजाऱ्याला धडा शिकवल्याचे मथळे दिले.

त्याच्या महिनाभर आधी ढाक्याच्या सरकारने भारतातून जमिनीमार्गे येणारं सूत थांबवलं होतं. ही मागणी तिथल्या सूतगिरण्यांची. त्यावर सर्वात मोठी ओरड झाली तीही भारतात नव्हे, तर बांगलादेशातच, तिथल्या कपडे शिवणाऱ्या कारखानदारांकडून. कारण त्यांचा टी-शर्ट ज्या सुताचा होतो त्यातलं बरंचसं भारतातून जातं; भारताच्या सुती धाग्याचा सर्वात मोठा गिऱ्हाईक बांगलादेशच. तेव्हा न्हावा शेवाला उतरणाऱ्या ‘परदेशी’ शर्टात आपल्याच गिरणीचं सूत असण्याची शक्यता दाट, आणि त्या सुतात विदर्भाचा किंवा मराठवाड्याचा कापूसही असू शकतो. हा शर्ट अडवला की नेमकं कुणाचं रक्षण होतं?

आयात निर्बंधांवरची आपली चर्चा स्वदेशी विरुद्ध खुला बाजार अशी चालते. मला हे द्वंद्वच चुकीच्या जागी मांडलेलं वाटतं. ‘देशी कापड उद्योग’ नावाचा एकच उद्योग अस्तित्वात नाही. कापूस पिकवणारा शेतकरी, तंतू बनवणारा रासायनिक कारखाना, सूतगिरणी, सुताला खळ लावणारं सायझिंग, विणकर, कापड धुऊन रंगवणारं प्रोसेस हाऊस आणि शेवटी शिलाईचा कारखाना, हे सगळे वेगवेगळे धंदे आहेत. एकाचा पक्का माल तो दुसऱ्याचा कच्चा माल. निर्बंध नेहमी या साखळीतल्या कुठल्या तरी एका कडीवर बसतो. त्या कडीवरचा माणूस त्याला संरक्षण म्हणतो, खालच्या कडीवरच्या माणसासाठी तो कर असतो. आणि साखळी जसजशी खाली उतरते तसतशी भांडवलाची गरज कमी होते आणि माणसांची वाढते. तंतूच्या कारखान्यात हजारो कोटी गुंततात आणि हात थोडे लागतात, शिलाईत उलट. त्यामुळे वर दिलेलं संरक्षण खाली पोचेपर्यंत बहुतेक वेळा रोजगारावरचा कर झालेलं असतं.

हे आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांनी हा सगळा खेळ शंभर वर्षांपूर्वी खेळून दाखवला आहे.

लँकेशायरच्या दबावाखाली इंग्रज सरकारने १८८२ मध्ये कापडावरचं आयात शुल्क पूर्ण काढलं. पुढे तिजोरीसाठी ते पुन्हा लावावं लागलं, तेव्हा मँचेस्टरला तोटा नको म्हणून १८९६ मध्ये आयातीवर साडेतीन टक्के आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादन कर, असा अजब न्याय लावला. हा कर १९२६ पर्यंत टिकला. अशा अन्यायातून आलेला माणूस संरक्षण मागणारच; त्याला दोष देता येत नाही. १९२० च्या दशकात जपानी कापड आलं आणि गिरण्यांची मागणी तीव्र झाली. रस्त्यावर भावना होतीच. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची लॉरी अडवताना काळबादेवीत बाबू गेनू चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा हा तरुण गिरणी कामगार होता, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी कापड उद्योग संरक्षण कायदा झाला होता. ब्रिटिश कापडावर १५ टक्के, बाकीच्या देशांच्या कापडावर २० टक्के. पुढे दर चढतच गेले. ऑगस्ट १९३२ मध्ये बिगर-ब्रिटिश कापडावर ५० टक्के आणि जून १९३३ मध्ये ७५ टक्के. बिगर-ब्रिटिश म्हणजे मुख्यतः जपानी.

पंचाहत्तर टक्के! आजचा कुठलाही कारखानदार हा आकडा ऐकून हेवा करील. मग गिरणगावात काय झालं? नेमक्या याच काळात, १९३३-३४ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांनी मजुरी आणि महागाई भत्ता कापला, आणि एप्रिल १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. मंदी होती, हे खरं. पण मंदीपेक्षा मोठं कारण असं की शुल्काची भिंत समुद्राच्या बाजूला होती आणि स्पर्धा जमिनीच्या बाजूनेही येत होती. अहमदाबाद आणि कोइमतूर इथे गिरण्या नव्या होत्या, कापूस जवळ होता. जपान्याला अडवलं की त्याची जागा मुंबईच घेईल, असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. संरक्षण मिळालं ते हिंदी कापडाला, मुंबईच्या कापडाला नव्हे. आणि मुंबईच्या कामगाराला तर मुळीच नव्हे. गिरणीमालक संघाचे होमी मोदी यांनी १९३३ मध्ये थेट लँकेशायरशीच करार केला तेव्हा अहमदाबादवाले खवळले, ते उगीच नव्हे. एकाच भिंतीच्या आत दोन वेगळे हितसंबंध राहत होते.

आणखी दोन गोष्टी त्या काळात घडल्या. माझ्या मते त्याच या विषयाचा गाभा आहेत, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्या तळटीपेत जातात.

पहिली सुताची. १९२७ मध्ये आयात सुतावर ५ टक्के किंवा पौंडाला दीड आणा, यातलं जे जास्त ते शुल्क बसलं. गिरण्यांना ते हवं होतं, कारण गिरण्या सूतही काढत. पण हातमागवाला सूत काढत नव्हता, विकत घेत होता. सोलापूरचा पद्मशाली विणकर गिरणीच्या कापडाशी बाजारात लढत होता आणि त्याच गिरण्यांच्या फायद्यासाठी चढलेल्या भावाने सूत घेत होता. देशी उद्योगाच्या संरक्षणाचा खर्च देशातल्या सर्वात जुन्या उद्योगाच्या खिशातून निघाला. बारीक नंबरच्या सुताला दीड आणा जाणवणार नाही, असं मांडणारे तेव्हाही होते. महिनाअखेर हिशेब मांडणाऱ्या विणकराला विचारायला कोणी गेलं नव्हतं.

दुसरी कापसाची. जपानने ७५ टक्क्यांना उत्तर म्हणून हिंदी कापूस घेणंच थांबवलं. हा आखूड धाग्याचा कापूस मुख्यतः जपानच उचलायचा. लँकेशायरला तो चालत नसे आणि मुंबईला सगळा पुरत नसे. म्हणजे परळच्या गिरणीसाठी लावलेल्या शुल्काची झळ बसली खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याला. जानेवारी १९३४ मध्ये तह झाला तो मोठा बोलका आहे. शुल्क पुन्हा ५० टक्क्यांवर आलं, आणि जपानने १० लाख गाठी कापूस उचलला तर त्याला ३२.५ कोटी वार कापड पाठवता येईल, १५ लाख गाठी उचलल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी वार. कापूस घ्या, कापड पाठवा. शेतकरी आणि गिरणी यांचे हितसंबंध एकमेकांवर आपटतात हे सरकारी कागदावर, गाठी आणि वारांच्या हिशेबात, इतकं उघड क्वचितच लिहिलं गेलं असेल.

निर्बंधांचा फायदा भलत्यालाच होतो हेही जुनंच आहे. इंग्लंडने १७०० मध्ये भारताच्या छापील छिटांवर बंदी घातली ती लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या दबावाखाली. कोऱ्या कापडाला मात्र वाट होती, त्यामुळे लंडनच्या आसपास छपाईचे कारखाने वाढले. १७२१ मध्ये छीट अंगावर घालायलाही मनाई झाली. पण लिननचा उभा धागा आणि कापसाचा आडवा धागा असलेलं जाडंभरडं मिश्र कापड सुटलं, आणि मँचेस्टरने त्याच फटीतून आपलं बस्तान बसवलं. लोकरीच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या सावलीत कापसाचा उद्योग उभा राहिला आणि त्याने लोकरीला मागे टाकलं. आपल्याकडे १९५६ मध्ये हातमाग वाचवण्यासाठी गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवण्यात आली. ती जागा हातमागाने घेतली नाही. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागाने घेतली. आज देशातले निम्म्याच्या आसपास यंत्रमाग महाराष्ट्रात आहेत, यात त्या धोरणाचा वाटा मोठा. गिरणगावचा ऱ्हास १८ जानेवारी १९८२ पासून मोजण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्या दिवशी सुरू झालेल्या दत्ता सामंतांच्या संपाच्या माथी सगळं मारणं सोयीचं आहे, एवढंच.

आता इचलकरंजीतच थोडं थांबू. १९०४ मध्ये जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळाने विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्यातून पुढे गावच उभं राहिलं. इथल्या धंद्यात ‘खर्चीवाला’ म्हणून एक माणूस असतो. माग त्याचे, शेड त्याची किंवा भाड्याची, विजेचं बिल त्याचं, पण सूत त्याचं नाही. व्यापारी त्याला बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, देतो, हा कापड विणून देतो, आणि मजुरी मिळते पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती यावर, पैशांच्या हिशेबात. त्यातून कामगार, कांडीवाली, वहिफणीवाला, जॉबर यांचे पैसे भागवून जे उरेल ते त्याचं. सुताचा भाव चढला तर वरवर पाहता या माणसाचं काही जात नाही, सूत त्याचं नाहीच. पण व्यापाऱ्याला चढ्या भावाच्या सुताचं कापड विकता येईना झालं की तो बीम द्यायचा थांबतो. खर्चीवाल्याकडे महागाई किमतीच्या रूपाने येतच नाही. ती बंद पडलेल्या मागाच्या रूपाने येते. आधी रात्रपाळी बंद होते, मग आठवड्यातून दोन दिवस, मग एखादा माग भंगारात जातो. आयात शुल्काचा परिणाम मोजणाऱ्या दिल्लीच्या तक्त्यात या नुकसानीसाठी रकाना नाही.

आता गेल्या पंधरा वर्षांतलं व्हिस्कोसचं प्रकरण पाहा. व्हिस्कोसचा आखूड तंतू बनवणारा मोठा उत्पादक देशात जवळपास एकच आहे. २०१० मध्ये चीन आणि इंडोनेशियाच्या तंतूवर अँटी-डम्पिंग शुल्क लागलं. अशा शुल्काची मुदत पाच वर्षांची, पण पुनरावलोकन करून ती वाढवता येते. इथे ती वाढली आणि शुल्क २०२१ च्या ऑगस्टपर्यंत चाललं. सूतगिरण्या आणि विणकर यांनी हुश्श केलं. मार्च २०२३ मध्ये त्याच तंतूवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. तंतू बनवणाऱ्या परदेशी कारखान्याकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना हवा, त्यासाठी ब्युरोच्या अधिकाऱ्याने त्या कारखान्यात जाऊन तपासणी करायला हवी. ती कधी होईल हे तपासणाऱ्याच्या हाती. त्याच वर्षी पॉलिएस्टरच्या तंतू आणि सुतावरही असेच आदेश आले.

शुल्काबद्दल निदान एवढं म्हणता येतं की ते उघड असतं. दर छापलेला असतो, तिजोरीत पैसा येतो, मुदत असते. गुणवत्तेच्या नावाने अडवलं की दर दिसत नाही, तिजोरीत काही येत नाही, मुदतही नाही. प्रेशर कुकरच्या गुणवत्तेची सक्ती समजते, तो स्वयंपाकघरात फुटू शकतो. पॉलिएस्टरचं सूत वाईट निघालं तर गिऱ्हाईक कापड परत करतो. त्यासाठी बाजार पुरेसा आहे. तंतू आणि सुतावरचे हे आदेश अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतले गेले, तेही अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्क्यांचा बोजा टाकून निर्यातदारांचं कंबरडं मोडल्यावर. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कही त्याच ऑगस्टमध्ये तात्पुरतं उठवलं, आणि विदर्भातला शेतकरी संतापला. त्याचा संताप समजण्यासारखा आहे. बाकीच्यांची भिंत वर्षानुवर्षं टिकते आणि याची मात्र एका अधिसूचनेत, ऐन कापूस बाजारात यायच्या तोंडावर, पडते. शुल्क काढणं शिलाईच्या दृष्टीने बरोबर असलं तरी त्याची भरपाई हमीभावाने केलेल्या खरेदीतून पुरेशी आणि वेळेवर व्हायला हवी, आणि ती जबाबदारी सरकारचीच.

या सगळ्याच्या विरुद्ध एक भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. चीनची पॉलिएस्टर क्षमता अफाट आहे. तिथून कधी कधी कापड अशा भावाने येतं की त्या भावात इथे सूतही पडत नाही. कागदावर किंमत कमी दाखवून शुल्क चुकवण्याचेही प्रकार होतात. २०२४ मध्ये सरकारने कृत्रिम धाग्याच्या काही निटेड कापडांना किलोला साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत ठरवली, ती यावरच्या तक्रारींमुळे. याला मी सरसकट विरोध करणार नाही. सगळं खुलं सोडलं की आपोआप स्पर्धाक्षम होऊ, असं म्हणणाऱ्यांनी एकदा भिवंडीत जाऊन ते मोठ्याने म्हणून पाहावं. पण मागण्यांकडे नीट पाहा. विणकराला कापडावर भिंत हवी आणि सुताला उघडं दार. सूतगिरणीला सुतावर भिंत हवी आणि तंतूला उघडं दार. शिवणाऱ्याला कपड्यावर भिंत, कापडाला दार. प्रत्येक जण आपल्यापुरता स्वदेशी आणि वरच्याच्या बाबतीत खुल्या बाजारवाला असतो. यात ढोंग नाही, धंदा आहे. मग कुणाची मागणी मान्य होते? बहुतेक वेळा जो संख्येने कमी आणि आकाराने मोठा असेल त्याची. कालव्याचं पाणी टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही, तसं संरक्षणही.

बांगलादेशाने उलटं केलं. कापूस जवळजवळ नाही, सूत कमी, कापड कमी. १९७९ मध्ये कोरियाच्या दैवू कंपनीने देश गारमेंट्सशी करार करून सव्वाशेहून अधिक माणसं कोरियात शिकायला नेली. दैवू तिथे गेली याचं मोठं कारण पुन्हा एक निर्बंधच: पाश्चात्त्य देशांचा १९७४ चा बहुतंतू करार. त्यात कोरियाचा कोटा भरलेला होता आणि बांगलादेशाला कोटाच नव्हता. पुढे तिथल्या सरकारने निर्यातीच्या कपड्यांसाठी लागणारं कापड शुल्काविना बंधपत्र गोदामात आणू दिलं, आणि निर्यातीच्या पतपत्राच्या आधारावरच कच्च्या मालाचं पतपत्र उघडू दिलं. कारखानदाराला आधी भांडवल घालावं लागेना. दोन साध्या सोयी. आज तो देश वर्षाला सुमारे ४० अब्ज डॉलरचे कपडे निर्यात करतो, आपण १६ अब्जांच्या आसपास. तिथली मजुरी आणि राणा प्लाझा मी विसरलेलो नाही. ११०० हून अधिक माणसं मेलेल्या इमारतीला आदर्श म्हणता येत नाही. पण कापूस ते शर्ट अशी अख्खी साखळी घरात असलेला देश मागे का पडला, याचं उत्तर मजुरीत पुरतं सापडत नाही.

आपण शिलाईला बाहेरून भिंत घातली आणि आतून छत. २००१ पर्यंत तयार कपड्यांची आयात जवळपास बंद होती. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार जिंकल्यावर ती खुली झाली. आणि त्याच सुमारापर्यंत शिलाई लघुउद्योगासाठी राखीव होती, होजियरी तर २००५ पर्यंत. म्हणजे परदेशी कपडा येणार नाही, पण देशी कारखाना मोठाही व्हायचा नाही. दहा-वीस यंत्रांच्या शेडमध्ये निर्यातीची मोठी ऑर्डर वेळेत कशी पुरी होणार? कृत्रिम धागा तर चैनीची वस्तू म्हणून करांनी जखडलेला. परिणामी सत्तरच्या दशकात मुंबईच्या मुसाफिरखान्यातल्या तस्करीच्या बाजारात जपानी साडी मिळायची आणि मध्यमवर्गीय लग्नात ‘फॉरेनची’ म्हणून मिरवली जायची. भिंत होतीच, ती तस्करांना मानवली.

मग निर्बंध नकोतच का? तसं नाही. पण संरक्षण द्यायचं असेल तर सुईच्या बाजूने खाली सुरू करावं, तंतूच्या बाजूने वरून नव्हे. तंतू आणि सूत कमीत कमी शुल्कात यावं. एखाद्या उत्पादकाला खरोखरच मदत हवी असेल तर ती अर्थसंकल्पातून अनुदान म्हणून द्यावी, म्हणजे दर वर्षी संसदेत तिचा आकडा वाचावा लागेल. मुदत आधीच ठरलेली असावी आणि दर वर्षागणिक उतरणारा. २०२० च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी पॉलिएस्टरचा कच्चा माल असलेल्या पीटीएवरचं अँटी-डम्पिंग शुल्क ‘सार्वजनिक हितासाठी’ काढलं. निर्णय योग्य होता. पण तो अर्थमंत्र्यांच्या भाषणातून यावा लागला, कारण सार्वजनिक हित तपासूनच शुल्क लावावं, असं बंधन आपल्या कायद्यात नाही.

अँटी-डम्पिंगचा अर्ज देशी उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा असलेल्यांच्या पाठिंब्यावर करता येतो. जिथे उत्पादक एक-दोनच आहेत तिथे हा आकडा एका सहीत भरतो. तो माल वापरणाऱ्यांना आपलं म्हणणं मांडता येतं, पण त्यासाठी प्रश्नावली भरायची, ताळेबंद जोडायचे, वकील लावायचा. बारा मागांच्या खर्चीवाल्याकडे ताळेबंद नसतो, वीजबिल असतं. तेव्हा नुकसानीचा पुरावा म्हणून वीजबिल चालावं, यंत्रमागधारक संघटनेचं निवेदन वापरकर्त्यांचं म्हणणं म्हणून नोंदलं जावं, आणि सुतावरच्या प्रत्येक शुल्काची एक तरी सुनावणी इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत व्हावी. त्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही. अधिकाऱ्यांनी दिल्लीहून कोल्हापूरचं विमान धरलं तरी पुरे.